पटावर एक्कावन्न

“सेहेचाळीस लिहा,” खोत सर म्हणाले.

पाठाच्या टाचणाचं पहिलं पान मी भरत होते. वर्ग सातवी ब, विषय भूगोल, घटक भरती-ओहोटी, वेळ पस्तीस मिनिटं. ‘उपस्थित विद्यार्थी’ हा एकच चौकोन रिकामा राहिला होता.

“पट एक्कावन्नचा आहे, सर. आणि आज एकही गैरहजर नाही.”

“नसेना का. वर्गात सेहेचाळीसच बसणार. उरलेले पाच दत्तोबा शिपायाबरोबर मागं करंजाखाली बसतील. चित्रं काढायला कागद दिलेत त्यांना.” सरांनी आवाज खाली आणला. “बाई, तुमचा अंतिम पाठ आहे हा. परीक्षक बाहेरून आल्यात. मधेच एखादं ढ पोरगं उठून काहीतरी बरळलं, की तुमच्या दोन वर्षांचं मातेरं. सगळेच करतात असं. मी स्वतः असाच पास झालोय.”

“त्या पाचांत काजल टेंगले आहे?”

“ती तर पहिली.”

“सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. ती पोरगी ढ नाही. वाचता वाचता तिची नजर थांबते, ओठ नुसते हलत राहतात, हाक मारली तरी कळत नाही. हे फिटचं लक्षण आहे. तिला एकटं सोडून चालणार नाही.”

“एकटी कुठाय? दत्तोबा आहे की. आणि मंगळवारी तिची आई नेतेय ना तिला मिरजेला? मग आज पस्तीस मिनिटांत काय होतंय?”

मी सेहेचाळीस लिहिलं.

याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. मिरजेतल्या एका इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात सोळा वर्षं नर्स म्हणून काढली, नोकरी करता करता भूगोल घेऊन बी.ए. झाले, आणि मग ते सगळं सोडून या तालुक्याच्या गावी विनाअनुदानित शाळेत शिकवायला आले. शिकवता शिकवता मुक्त विद्यापीठाची बी.एड. करता येते असं कळलं, तेव्हा तोही अर्ज भरला. नर्सिंग का सोडलं असं कुणी विचारलं, तर मी सांगायची की कंबर धरते, सहा-सहा तास उभं राहवत नाही. यावर लोक म्हणायचे, मग मास्तरकीत काय खुर्चीत बसून शिकवतात?

शाळेत मला पाठीमागे ‘सिस्टरबाई’ म्हणत. मला ते कळत असे आणि फारसं लागत नसे. लागायचं ते वेगळंच. जूनमध्ये माझं पद मंजुरीला जाणार होतं, पण बी.एड.चा निकाल हातात असेल तरच. नसेल तर त्या जागेवर घ्यायला संस्थेच्या सचिवांनी दुसऱ्या एक बाई बघून ठेवल्या होत्या. हे त्यांनी मला घरी बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं. माझ्या घरी आई आणि मी, कमावती मी एकटीच. या वयात तिसरी नोकरी मला कोण देणार होतं?

खोत सर माझे मार्गदर्शक शिक्षक होते. दोन वर्षं त्यांनी मला पुस्तकं दिली, टाचणं तपासली, फळ्यावर ओळ सरळ कशी लिहायची तेसुद्धा शिकवलं. त्यांनी वर्गालाही तयार करून ठेवलं होतं. प्रश्न विचारला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मी फक्त उजव्या हातांना विचारायचं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रांगणेकर मॅडम वर्गात आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. शेवटच्या बाकावर बसल्या, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं, वर्गावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, “सुरू करा.”

“समुद्र कुणी पाहिलाय?” मी विचारलं.

सेहेचाळीस हात वर गेले. मॅडमच्या भुवया जरा वर गेल्या. आमच्या गावापासून समुद्र दीडशे किलोमीटर लांब होता.

“आम्ही गणपतीपुळ्याला गेलतो, बाई,” उजव्या हाताची शर्वरी म्हणाली. “सकाळी पाणी पार पायऱ्यांपाशी होतं. जेवून आलो तर लांब पळालेलं.”

“कुठं पळालं असेल?”

वर्ग हसला. मीही हसले. खडू नीट चालत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फळ्यावर पृथ्वी आली, चंद्र आला, पाण्याचे दोन फुगवटे आले. मॅडम काहीतरी लिहीत होत्या, आणि लिहिताना त्यांची मान दोनदा होकारार्थी हलली. हे आपल्याला जमतंय, असं मला वाटायला लागलं.

मला एक खोड आहे. मी मोजते. थिएटरात पोट उघडण्याआधी गॉज मोजून घ्यायचे, पाच-पाचच्या गड्ड्या. रक्त टिपायच्या त्या घड्या. आणि पोट शिवण्याआधी परत मोजायचे, वापरलेले आणि न वापरलेले सगळे. आकडा जुळल्याशिवाय टाका घालू द्यायचा नाही. सोळा वर्षं हेच केल्यावर ते हाडात जातं. पंगतीत बसले तर मी ताटं मोजते. त्या दिवशीही शिकवता शिकवता मी मोजत होते. वर्गात सेहेचाळीस. डावीकडच्या खिडकीतून करंजाखाली पाच डोकी आणि दत्तोबाची टोपी.

तेराव्या मिनिटाला दार वाजलं. दत्तोबा ट्रे घेऊन आत आला. कपबशी, बिस्किटं, पाण्याचा पेला.

“खोत सरांनी मॅडमसाठी चहा धाडलाय,” तो म्हणाला.

मी वाक्य पुरं केलं. चंद्र पाण्याला आपल्याकडे ओढतो, असं काहीतरी. आणि मग डोक्यात उजेड पडला. दत्तोबा इथं आहे, तर तिथं कोण आहे?

मी खिडकीतून पाहिलं. करंजाखाली चार डोकी होती.

काजलच्या लाल रिबिनी दिसत नव्हत्या. तिचा कागद तिथंच होता, त्यावर दगड ठेवलेला.

पाण्याला गेली असेल, मी स्वतःला सांगितलं. नाहीतर झाडाच्या पलीकडे बसली असेल. येईल आत्ता. “पौर्णिमेला भरती मोठी की लहान?” मी विचारलं. हात वर गेले. उजवा कुठला, डावा कुठला, मला ओळखू येईना. कुणाला तरी विचारलं. त्याने काय सांगितलं ते आजही आठवत नाही, मी “शाबास” म्हणाले एवढं आठवतं.

पुन्हा पाहिलं. चार.

दत्तोबा कप परत न्यायला दाराशीच उभा राहिला होता. मी त्याला डोळ्यांनी खिडकी दाखवली. त्याला कळेना. मी परत दाखवली.

“बाई, तुमाला बी आणू का च्या?” त्याने विचारलं.

पोरं खदखदून हसली. मॅडमनी वर पाहिलं. त्याला मोठ्याने सांगायचं तर काय सांगायचं? दत्तोबा, आम्ही बाहेर बसवून ठेवलेल्या पाचांतली एक दिसत नाही? म्हणजे तिथंच सगळा कारभार उघडा. सोळा मिनिटं झाली होती. आणखी एकोणीस. एकोणीस मिनिटांत काय होतंय?

मी फळ्याकडे वळले आणि अमावास्येची आकृती काढायला घेतली. सूर्य काढला, चंद्र काढला, आणि पृथ्वी काढायची राहून गेली. एक मुलगी म्हणाली, “बाई, पृथ्वी?” मी वळून पुन्हा खिडकीकडे पाहिलं. चार. माझ्या कानात रक्ताचा आवाज येत होता. हा आवाज मी एकदा आधी ऐकला होता.

मी खडू खाली ठेवला.

“मॅडम, माफ करा. मला पाठ थांबवायचाय.”

“थांबवायचाय म्हणजे?” त्यांनी घड्याळाकडे बघितलं. “एकोणीस मिनिटं झालीत. तिसाच्या आत पाठ थांबला तर गुण देता येत नाहीत. ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“ठाऊक आहे,” मी म्हणाले आणि पळाले.

एक्केचाळिसाव्या वर्षी साडी नेसून कुणी पळू नये. व्हरांड्यात खोत सर आडवे आले, “बाई, बाई!” म्हणाले, मी त्यांना ढकललं. करंजाखाली चौघं उठून उभी राहिली.

“काजल कुठाय?”

“पानी प्यायला गेली, बाई.”

“कधी?”

“दत्तोबामामा गेला तवाच.”

पाण्याची टाकी मुताऱ्यांच्या मागे होती. मला आधी नळाचा आवाज आला. कुणीतरी सोडून दिलेल्या नळाचा, एकसारखा. मग मोरी दिसली. करंजाच्या पानांनी तिचं तोंड तुंबलं होतं, पाणी साचत होतं, आणि काजल त्यात पालथी पडली होती. हातपाय झटके देत होते. गाल पाण्यात, तोंड पाण्यात, नाकाची एक बाजू तेवढी वर होती. पाणी आणखी दोन बोटं चढलं असतं तर तीही राहिली नसती.

मी तिला ओढून बाहेर काढलं, कुशीवर वळवलं. तोंडातून फेस आणि पाणी आलं. ओठ निळे पडले होते. मी तिची मान मागे धरली आणि श्वास मोजायला लागले. एक. बराच वेळ काही नाही. दोन. मग तिला ठसका लागला, आणि तिसरा श्वास मोठ्याने आत गेला.

मागे सगळी शाळा गोळा झाली होती. दत्तोबाने पायातली चप्पल काढून हातात घेतली होती. कुणीतरी “कांदा आणा, कांदा” म्हणत होतं.

“चप्पल खाली ठेवा,” मी ओरडले. “कांदा नको, पाणी नको, तिच्या तोंडात काही घालायचं नाही. सगळे लांब व्हा. डॉक्टरांना बोलवा.”

इतक्या वर्षांनी माझा थिएटरातला आवाज बाहेर आला होता. सगळे लांब झाले. रांगणेकर मॅडम तेवढ्या हलल्या नाहीत. त्यांनी पुढे येऊन नळ बंद केला.

गावातले डॉक्टर आले, तपासून गेले. धोका टळलाय, आता झोपू द्या, आजच मिरजेला न्या म्हणाले. काजलच्या आईला शेतावर निरोप गेला. मुख्याध्यापक त्या दिवशी जिल्ह्याला गेले होते, म्हणून त्यांच्या खोलीत मॅडम बसल्या आणि त्यांनी आम्हाला बोलावलं. जाता जाता खोत सरांनी मला खांबाआड थांबवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“बाई, ऐका. देवानं पोरीला वाचवलं, तुम्ही वाचवलं. आता आपण वाचू या. पाच पोरं मुद्दाम बाहेर बसवली हे निघालं, तर तुमचा पाठ रद्द आणि शाळेचं बी.एड.चं सरावकेंद्र बंद. माझी सात वर्षं राहिलीत नोकरीची. तुम्ही फक्त म्हणा, काजल वर्गातलीच, मॅडम यायच्या आधी विचारून पाण्याला गेली होती. सेहेचाळीसचे सत्तेचाळीस करा. एका आकड्याचा तर प्रश्न आहे.”

“आणि बाकीची चार?”

“ती सहावीतली म्हणून सांगतो. कोण मोजायला जातंय?”

आत मॅडमच्या समोर माझं टाचण उघडं होतं.

“वर्गात सेहेचाळीस होते. मी मोजले होते,” त्या म्हणाल्या. “इथंही सेहेचाळीस आहे. मग ही मुलगी कुठली?”

“ह्याच वर्गातली, मॅडम,” खोत सर म्हणाले. “पाण्याला गेलेली. घाईत आकडा एकानं चुकला. होय ना, बाई?”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. “तसं असेल तर हा अपघात झाला. मला दुपारच्या तासाला तुमचा पाठ पुन्हा घेता येईल. तुम्ही चांगलं शिकवत होता. आकडा दुरुस्त करा आणि शेजारी सही करा.”

त्यांनी टाचण माझ्याकडे सरकवलं, त्यावर स्वतःचं पेन ठेवलं.

एका आकड्याचा तर प्रश्न आहे. अगदी हेच शब्द मला एकदा एका मोठ्या सर्जननी ऐकवले होते. चोवीस वर्षांची बाई, पहिलं बाळंतपण, पोट फाडून करावं लागलेलं. गॉजच्या चार गड्ड्या उघडल्या होत्या, म्हणजे वीस. मी दोनदा मोजले, दोन्ही वेळा एकोणीस भरले. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, तुम्ही चुकलात. पुढची केस खोळंबलीय. एका आकड्याचा तर प्रश्न आहे.” माझ्या कानात रक्ताचा आवाज येत होता. मी म्हणाले, “काउंट बरोबर,” आणि कागदावर सही केली. अडीच महिन्यांनी ती बाई तापाने फणफणत परत आली. विसावा गॉज तिच्या पोटात होता. ती वाचली, पण गर्भाशय काढावं लागलं. वॉर्डात तिने माझा हात धरून विचारलं होतं, “सिस्टर, असं कशानं झालं असंल ओ?” मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात राजीनामा दिला आणि कंबर दुखते म्हणून सांगायला लागले.

मी पेन उचललं. सेहेचाळीसवर रेघ मारली, शेजारी एक्कावन्न लिहिलं आणि सही केली.

मॅडमनी वाचलं. “बाकीचे चार?”

“करंजाखाली. पाच जणांना बाहेर बसवलं होतं. मला माहीत होतं. हा खोटा आकडा मीच माझ्या हाताने लिहिला.”

“तुम्ही सत्तेचाळीस लिहिलं असतंत तर मी पुढे विचारणार नव्हते.”

“कळलं मला. पण एकदा अशी सही केलीय मी, मॅडम.” मी खोत सरांकडे पाहिलं. “माझी कंबर दुखत नाही, सर. कधीच दुखत नव्हती.”

मॅडमनी टाचणावर काहीतरी लिहिलं, खाली शिक्का मारला.

“हा पाठ मला रद्द करावा लागेल,” त्या म्हणाल्या. “पुढच्या मार्चमध्ये पुन्हा परीक्षेला बसा.”

“बरं,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसती प्रचंड भूक लागली होती.

नकाशा आणि खडूची पेटी आणायला मी सातवी बमध्ये गेले. मधल्या सुट्टीला वीस मिनिटं होती. वर्गात चिडीचूप शांतता. करंजाखालची चौघं आपापल्या जागेवर येऊन बसली होती. शेवटच्या बाकावर, जिथं मॅडम बसल्या होत्या तिथं, काजल झोपली होती. तिच्या अंगावर शर्वरीचा स्वेटर होता. शेजारी दत्तोबा जमिनीवर बसून तिच्यावर वहीने वारा घालत होता.

“बाई, पृथ्वी राहिली,” पुढची मुलगी म्हणाली.

मी पृथ्वी काढली. मग म्हटलं काढलीच आहे तर शिकवूही. परीक्षक नव्हते, गुण नव्हते, जूनमध्ये ही शाळाही माझी राहणार नव्हती. “सांगा, अमावास्येला चंद्र दिसत नाही. मग पाण्याला कोण ओढतं?”

सवयीने सगळे हात वर गेले. मी पहिल्यांदाच डाव्या हातांकडे नीट पाहिलं. निम्मा वर्ग डावा होता. करंजाखालच्या एका मुलीचं नाव घेतलं. ती दचकली. घाईने तिने डावा हात खाली घेतला, उजवा वर केला, परत खाली घेतला.

“म्हाईत न्हाई, बाई,” ती म्हणाली.

“मग हात कशाला वर केलास?”

“सरांनी सांगितलंय.”

“ये इकडे. हा खडू घे. आपण शोधू या.”

घंटा झाली तेव्हा ती अजून फळ्यापाशीच होती, आणि कुणी उठलं नाही.

जूनमध्ये माझ्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या. शाळेचं सरावकेंद्र बंद झालं. खोत सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी स्कूटर घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, “चला. वीस किलोमीटरवर एका शाळेत भूगोलाची जागा आहे, बसा मागं.” मुलाखतीला मी आत गेले तेव्हा बाहेर उन्हात उभे राहिले. काजल गोळ्या घेत होती, आणि आठवीत तिला भूगोलात शंभरात एकसष्ट पडले. हे मला दत्तोबाने बाजारात थांबवून सांगितलं.

पुढच्या मार्चमध्ये त्या नव्या शाळेत माझा अंतिम पाठ लागला. परीक्षक म्हणून गाडीतून रांगणेकर मॅडम उतरल्या. त्यांनी मला ओळखलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. वर्गाच्या दारात त्यांनी वही काढली.

“पट?”

“अठ्ठावन्न.”

“हजर?”

“त्रेपन्न. तिघांना कांजिण्या आल्यात, दोघी बहिणी मामाच्या लग्नाला गेल्यात.”

मागच्या वर्षी त्यांनी बसल्या बसल्या वर्ग मोजला होता. या वेळी त्यांनी वर्गाकडे पाहिलंसुद्धा नाही. वहीत त्रेपन्न लिहिलं, वही मिटली आणि म्हणाल्या, “सुरू करा, बाई.”